मौनाचें व्रत आणि वर्दीचें कर्तव्य

वैद्याला कोणत्याहि घराचा दरवाजा उघडा असतो. ज्या खोलींत सोयऱ्याधायऱ्यांसहि मज्जाव, त्या खोलींत तो बिनदिक्कत जातो. रोग्याच्या अंगावरचें पांघरूण त्याच्यासमोर दूर होतें, आणि त्याबरोबरच त्या घराच्या अब्रूवरचेंहि. हा विश्वास फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत म्हणून वैद्यानें आपलें तोंड बंद ठेवावयाचें असतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत गुरु शिष्यास जे आचारनियम घालून देतो, त्यांत रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर बोलूं नयेत असा स्पष्ट निर्बंध आहे. ग्रीस देशांत हिपोक्राटीसच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंतहि हाच निर्बंध सांपडतो. वकिलाचें, धर्मोपदेशकाचें आणि कांहीं अंशीं शिक्षकाचेंहि असेंच आहे. ज्याच्यापाशीं लोक आपलें दुःख उघडें करतात, त्यानें तें चव्हाट्यावर नेऊं नये, ही सभ्य समाजाची जुनी रीत आहे.

असें असूनहि गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अनेक देशांच्या कायद्यांनीं या मौनाला एक मोठा अपवाद केला. समोरचा रोगी मूल असेल, आणि त्याची दुखापत कोणीं बुद्ध्या केलेली असावी असा संशय आला, तर वैद्यानें, परिचारिकेनें, शिक्षकानें गप्प बसावयाचें नाहीं. त्यानें वर्दी दिलीच पाहिजे. न दिल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र होतो. जें मौन हजारों वर्षें भूषण मानलें गेलें, तेंच या एका ठिकाणीं दूषण कसें ठरलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

वर्दी देण्याचें कर्तव्य स्वतः नवें नाहीं. मुंबई इलाख्यांत १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें गांवच्या पोलीस पाटलावर गुन्ह्याची खबर वर कळविण्याची जबाबदारी टाकली होती. त्याआधीं १८६० च्या दंडसंहितेनें असें ठरविलें होतें कीं, खबर देण्यास जो कायद्यानें बांधलेला आहे त्यानें ती बुद्ध्या दडपली तर त्यास शिक्षा व्हावी. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत खून, दरोडा, जाळपोळ अशा कांहीं भारी गुन्ह्यांची खबर देण्याचें बंधन सामान्य माणसावरहि घातलेलें होतें. परंतु या साऱ्या कलमांमागील दृष्टि राज्याच्या शांततेची होती. रस्त्यावर प्रेत सांपडलें, गोठ्याला आग लागली, वाटसरू लुटला गेला, तर सरकारला कळलें पाहिजे. घराच्या उंबरठ्याच्या आंत एखाद्या जिवंत मुलाचें हाड कोणीं मोडलें, हा प्रश्न त्या यादींत नव्हता. तो घरचा मामला समजला जाई.

हें अज्ञान मात्र सर्वांचें नव्हतें. ज्या वर्षीं येथें दंडसंहिता मंजूर झाली, त्याच १८६० सालीं पॅरिस येथील न्यायवैद्यकाचे प्रसिद्ध पंडित आंब्रुआझ तार्द्यू यांनीं मुलांवरील क्रौर्य व छळ या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत ३२ प्रकरणांचें वर्णन होतें, आणि त्यांपैकीं १८ मुलें मरण पावलीं होतीं. भाजल्याचे व्रण, मारहाणीच्या खुणा, उपासमारीनें झिजलेलीं शरीरें, हें सर्व तार्द्यू यांनीं पाहून, तपासून, शास्त्रीय भाषेंत नोंदविलें होतें. ज्यांनीं मुलांस सांभाळावयाचें त्यांच्याच हातून हें घडलें होतें. इतका मोठा अधिकारी पुरुष लिहीत असतांहि वैद्यकाच्या जगानें त्या निबंधाकडे शंभर वर्षें जवळजवळ पाठच फिरविली. पाहिलेली गोष्ट आणि मान्य केलेली गोष्ट यांत केवढें अंतर असूं शकतें, त्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण आहे.

त्यानंतर चौदा वर्षांनीं न्यूयॉर्क शहरांत एक प्रकरण घडलें. त्या शहराच्या एका गरीब वस्तींत मेरी एलन नांवाची दहाएक वर्षांची मुलगी दुसऱ्याच्या घरीं वाढत होती. तिला बाहेर खेळावयास जाऊं देत नसत, अंगभर कपडा मिळत नसे, आणि जवळजवळ रोज मार बसत असे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांस तिचें रडणें ऐकूं येई. एटा व्हीलर नांवाची एक बाई ख्रिस्ती मिशनच्या वतीनें त्या वस्तींत गरिबांच्या समाचारास फिरत असे. तिच्या कानांवर ही हकीकत आली, आणि कांहीं निमित्त काढून ती त्या घरांत जाऊन मुलीस पाहून आली. पुढें तिनें पोलिसांस विचारलें. त्यांनीं पुरावा मागितला. धर्मादाय संस्थांनीं सांगितलें कीं, मुलगी कायदेशीर रीतीनें आमच्याकडे आली तर आम्ही तिला संभाळूं. मुलीला तेथून आणावयाचें कोणी, हें कोणीच सांगेना.

अखेर त्या बाई हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. या गृहस्थांनीं १८६६ सालीं मुक्या प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठीं अमेरिकेंत संस्था काढली होती. यावरून पुढें एक आख्यायिका प्रचलित झाली कीं, मुलांसाठीं कायदाच नसल्यामुळें या मुलीला प्राणी ठरवून सोडवावें लागलें. ती खरी नव्हे. बर्ग यांनीं एक नागरिक या नात्यानें काम केलें, आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनीं माणसासच लागू असलेल्या कायद्याखालीं न्यायालयाचा हुकूम मिळविला. १८७४ च्या एप्रिल महिन्यांत घोंगडींत गुंडाळलेली ती मुलगी न्यायालयांत आली. तिच्या तोंडावर कात्रीची जखम होती. तिला संभाळणाऱ्या बाईस एक वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुलांच्या संरक्षणासाठीं न्यूयॉर्क येथें एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

या कथेंत कायद्याच्या अभावापेक्षां दुसरी एक उणीव अधिक ठळक दिसते. कायदा होता, शेजाऱ्यांस माहिती होती, पोलीस होते, संस्था होत्या. नव्हतें तें एवढेंच कीं, यांपैकीं कोणावरहि प्रथम बोलण्याचें बंधन नव्हतें. एका बाईच्या अंगीं दया आणि चिकाटी हीं दोन्हीं होतीं, म्हणून ती मुलगी वांचली. तशी बाई ज्या वस्तींत फिरकली नाहीं, तेथल्या मुलांचें काय झालें, हें कोणत्याहि दप्तरांत नमूद नाहीं.

या गोष्टीस आणखी सत्तर वर्षें लोटलीं, आणि मग साक्ष दिली ती माणसानें नव्हे, तर क्ष-किरणांनीं. न्यूयॉर्क येथील बालरुग्णालयांतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनीं १८९५ सालीं लागलेल्या या शोधाचा उपयोग तान्ह्या मुलांच्या हाडांचा अभ्यास करण्यासाठीं केला. १९४६ सालीं त्यांनीं सहा अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलांच्या मेंदूच्या आवरणाखालीं रक्त सांठलें होतें, आणि शिवाय त्यांच्या हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ अस्थिभंग आढळले. आईबापांस विचारावें तर मूल पडल्याचें किंवा लागल्याचें कोणी सांगेना. हाडें आपोआप मोडावींत असा कोणताहि रोग दिसेना. कॅफी यांनीं हे आघाताचे परिणाम दिसतात एवढें लिहिलें. परंतु तो आघात कसा झाला, तें अस्पष्टच राहतें असें म्हणून ते थांबले. १९५३ आणि १९५५ सालीं इतर डॉक्टरांनीं त्यापुढें एकेक पाऊल टाकलें. तरी उघड शब्द कोणी उच्चारीना.

या संकोचाचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. मूल घेऊन येणारी आईच असते. ती रडत असते. ती फीहि देते. तिनेंच हें केलें असेल असें मनांत आणणेंहि डॉक्टरला पाप वाटतें. संशय खोटा ठरला तर अब्रूनुकसानीची फिर्याद होईल, खरा ठरला तर कोर्टांत खेटे घालावे लागतील, आणि दोन्हीं प्रकारांत तें कुटुंब पुन्हां दवाखान्याची पायरी चढणार नाहीं. आपण रोग बरा करणारे आहोंत, फौजदार नव्हेत, असें म्हणून मनाचें समाधान करून घेणें सोपें असतें. मौनाच्या प्राचीन व्रताचा आधार अशा वेळीं फार सोईचा पडतो. व्रत रोग्याच्या रक्षणासाठीं होतें. येथें रोगी तें मूल होतें, आणि रक्षण दुसऱ्याचेंच होत होतें.

ही कोंडी फोडली ती कोलोराडो राज्यांतील डेन्व्हर शहरच्या सी. हेन्री केंप यांनीं. केंप यांचा जन्म १९२२ सालीं जर्मनीच्या ब्रेस्लाव शहरांत ज्यू कुटुंबांत झाला, आणि नाझी राजवटीपासून निसटून ते अमेरिकेंत आले. देवीच्या रोगावरील त्यांच्या संशोधनाचा एक भाग मद्रास येथें पार पडला होता. डेन्व्हरच्या रुग्णालयांत त्यांच्यासमोर वरचेवर अशीं मुलें येत, कीं ज्यांच्या दुखापतीशीं आईबापांनीं सांगितलेली हकीकत जुळत नसे. एकाच मुलाच्या अंगांत एक हाड ताजें मोडलेलें, दुसरें भरत आलेलें, तिसरें केव्हांच सांधलेलें, असें चित्र क्ष-किरणांत दिसे. पलंगावरून एकदां पडलेल्या मुलाचीं हाडें अशीं तीन निरनिराळ्या वेळीं मोडत नाहींत.

केंप आणि त्यांचे चार सहकारी यांनीं देशांतील ७१ रुग्णालयांकडे चौकशी केली. एका वर्षांत अशीं ३०२ मुलें तेथें आलीं होतीं. त्यांपैकीं ३३ मरण पावलीं आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. यांतील सुमारें एकतृतीयांश प्रकरणांतच कांहीं कायदेशीर कारवाई झाली होती. १९६२ च्या जुलै महिन्यांत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत हा लेख आला. लेखाला त्यांनीं जें नांव दिलें, त्याचा अर्थ मारानें खिळखिळ्या झालेल्या बालकाची लक्षणमाला असा होतो. नांव मुद्दाम झोंबणारें होतें, आणि तें झोंबलेंहि. डॉक्टरचें पहिलें कर्तव्य मुलाशीं आहे, आणि तोच प्रसंग पुन्हां येऊं शकेल अशा घरीं त्याला परत धाडणें हें त्या कर्तव्यास सोडून आहे, हा त्या लेखाचा गाभा होता.

पुढील घटना विलक्षण वेगानें घडल्या. १९६३ सालीं अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बालक विभागानें एक नमुना कायदा तयार केला, आणि १९६७ पर्यंत त्या देशांतील सर्व राज्यांनीं आपापले कायदे केले. या कायद्यांचीं मुख्य अंगें चार होतीं. पहिलें, वर्दी कोणीं द्यावयाची, हें नांव घेऊन सांगितलें. दुसरें, वर्दीसाठीं पुराव्याची गरज नाहीं, सकारण संशय पुरेसा आहे. तिसरें, सद्भावनेनें वर्दी देणारावर, ती पुढें चुकीची ठरली तरी, दिवाणी किंवा फौजदारी दावा चालणार नाहीं. चौथें, धंद्याच्या गुप्ततेची सबब येथें ऐकिली जाणार नाहीं. प्रारंभीं या कायद्यांचा रोख मुख्यतः डॉक्टरांवर होता. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानंतर शिक्षक, परिचारिका, समाजसेवक असे अनेक धंदे त्यांत आले. कारण उघड होतें. तान्हें मूल डॉक्टरला दिसतें. पण सहा वर्षांपुढील मूल रोजच्या रोज पाहणारा घराबाहेरचा माणूस शिक्षकच असतो.

या चार अंगांत संशय हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. पुरावा मिळेपर्यंत थांबावयाचें असें ठरविलें, तर थांबण्याला अंत नसतो, आणि प्रत्येक थांबण्याची किंमत मूल देतें. कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९७६ सालीं आलेल्या खटल्यांत हें दिसून आलें. अकरा महिन्यांच्या एका मुलीला पायाचें हाड पिरगळून मोडलेल्या स्थितींत रुग्णालयांत आणलें होतें. अंगावर इतर व्रण होते. डॉक्टरनें पायावर उपचार करून तिला घरीं पाठविलें. पुढें कांहीं महिन्यांनीं ती अधिक भयंकर जखमा घेऊन दुसऱ्या रुग्णालयांत आली, आणि तेथील डॉक्टरनें वर्दी दिली. पहिल्या डॉक्टरवर निष्काळजीपणाचा दावा चालूं शकतो, असा निर्णय न्यायालयानें दिला. हाड सांधलें म्हणून उपचार पुरा झाला, हा समज त्या निर्णयानें खोटा ठरविला.

परंतु या मार्गावर दुसऱ्या बाजूस खड्डा आहे, तोहि पाहिला पाहिजे. इंग्लंडच्या ईशान्येस क्लीव्हलंड परगण्यांत १९८७ सालीं दोन बालरोगतज्ज्ञांनीं केलेल्या निदानावरून अवघ्या कांहीं महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचें ठरविण्यांत आलें, आणि पुष्कळ मुलांस आईबापांपासून दूर करण्यांत आलें. त्यांतील बहुतेक मुलें पुढें घरीं परतलीं. न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या चौकशी अहवालानें अत्याचार घडतच नाहींत असें म्हटलें नाहीं. एकाच शारीरिक खुणेवर विसंबून घाई करूं नये, डॉक्टर, पोलीस व समाजसेवक यांनीं मिळून काम करावें, आणि मुलाचें म्हणणें ऐकून घ्यावें, असें त्यानें बजाविलें. वर्दी म्हणजे निकाल नव्हे. वर्दीनें चौकशी सुरू व्हावयाची असते. तिनें चौकशीची जागा घ्यावयाची नसते.

हिंदुस्थानांत हा विचार उशिरां रुजला. गोवा राज्यानें या बाबतींत आघाडी मारली. तेथें प्रवाशांची वर्दळ मोठी, आणि त्या वर्दळींत मुलांचा गैरवापर करणारेहि येऊं लागले होते. म्हणून २००३ च्या गोवा बालक कायद्यानें हॉटेलच्या आवारांतील मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी हॉटेलच्या मालकावर व व्यवस्थापकावर टाकली, आणि धुण्यास आलेल्या छायाचित्रांत मुलांचें बीभत्स चित्रण आढळल्यास छायाचित्रकारानें पोलिसांस कळवावें असें बंधन घातलें. पुढें २००७ सालीं केंद्र सरकारनें १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ५३.२२ टक्के मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें. छळ करणारांत ओळखीचीं, विश्वासाचीं माणसेंच मोठ्या संख्येनें होतीं, आणि बहुतेक मुलांनीं ही गोष्ट कोणासच सांगितली नव्हती.

या पार्श्वभूमीवर लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा, पोक्सो या नांवानें ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलांत आला. त्याच्या १९ व्या कलमानें वर्दीचें बंधन निवडक धंद्यांपुरतें न ठेवतां प्रत्येक व्यक्तीवर घातलें. अपराध घडल्याचें ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याचा संभव ज्याला वाटतो, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. २१ व्या कलमाप्रमाणें न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्हीं शिक्षा आहेत. संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या माणसाचा अपराध दडपला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. मुलांस स्वतःस ही शिक्षा लागू नाहीं, आणि सद्भावनेनें वर्दी देणारास संरक्षण आहे. ही सक्ति मात्र लैंगिक अपराधांपुरतीच आहे. ज्या मोडक्या हाडांवरून केंप यांनीं या साऱ्या विचारास चालना दिली, त्या निव्वळ मारहाणीचा या कलमांत समावेश नाहीं.

या कलमाची कसोटी महाराष्ट्रांतच लागली. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथें एका शाळेच्या वसतिगृहांत राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची फिर्याद २०१९ सालीं नोंदली गेली. त्या मुलींच्या उपचारासाठीं नेमलेल्या डॉक्टरला प्रकार ठाऊक असूनहि त्यानें वर्दी दिली नाहीं, असा त्याच्यावर आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याच्यावरील आरोप रद्द केला. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं फिरविला. डॉक्टर दोषी कीं निर्दोष, हा प्रश्न त्या न्यायालयापुढें नव्हता. आरोपाची रीतसर चौकशी व्हावी कीं नाहीं, एवढाच होता. परंतु माहीत असून वर्दी न देणें हा गंभीर अपराध आहे, आणि पुष्कळदां तो गुन्हेगारास पांघरूण घालण्याचा प्रयत्न असतो, हें न्यायालयानें निःसंदिग्धपणें सांगितलें. आईबाप दूर रानांत, मूल वसतिगृहांत. अशा ठिकाणीं डॉक्टर, शिक्षक आणि अधीक्षक यांच्यावांचून त्या मुलाला बाहेरच्या जगांत दुसरा कान नसतो.

त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयास या कर्तव्याची दुसरी बाजूहि सावरावी लागली. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असेल, तर तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनें वर्दी देणें क्रमप्राप्त होतें. नांव पोलिसांत जाईल या भीतीनें अशा मुली चांगल्या डॉक्टरकडे न जातां अडाणी माणसाच्या हातीं जीव देण्याचा संभव असतो. म्हणून २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयांत न्यायालयानें असें सांगितलें कीं, गर्भपातासाठीं आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत डॉक्टरनें वर्दी द्यावी, परंतु मुलीची व तिच्या पालकांची तशी इच्छा असल्यास तिची ओळख वर्दींत उघड करण्याची गरज नाहीं. चरकाच्या जुन्या नियमाला नव्या कायद्यानें येथें पुन्हां जागा करून दिली. मौन कोणासाठीं पाळावयाचें, हें ठरविल्यावर तें किती पाळावयाचें हेंहि ठरवितां येतें.

कायद्यानें भीति घालतां येते. पारख शिकवितां येत नाहीं. अंगावरचा वळ झांकण्यासाठीं भर उन्हाळ्यांत लांब बाह्यांचा सदरा घालणारा मुलगा, घंटा झाल्यावरहि शाळेंतून घरीं जावयास पाय न उचलणारी मुलगी, हें दिसावें लागतें. दिसल्यावर मग आपला यांत काय संबंध हा प्रश्न मनांत येतो, आणि त्याच ठिकाणीं कायदा उत्तर घेऊन उभा राहतो. तें उत्तर मिळण्यापूर्वींहि कांहीं माणसांनीं तें आपल्या मनापासून दिलें होतें, हें विसरतां येत नाहीं. एटा व्हीलरवर १८७४ सालीं कोणत्याहि कलमाचें बंधन नव्हतें. तिनें सोडविलेली मेरी एलन पुढें चांगल्या घरांत वाढली, संसार करती झाली, आणि ९२ वर्षांची होऊन १९५६ सालीं वारली. आपल्या थोरल्या मुलीचें नांव तिनें एटा असें ठेविलें होतें.